विंडोज ११ नंतर शेअर फोल्डर उघडत नाही, स्कॅन येत नाही: कुठून तपासायचं

लक्षणं

कॉम्प्युटर विंडोज ११ च्या २४एच२ किंवा २५एच२ आवृत्तीवर गेला आणि पुढच्यापैकी एखादी गोष्ट सुरू झाली, तर ही तपासणी तुमच्यासाठी आहे.

- शेअर फोल्डर उघडायला गेलं की संदेश येतो: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार गेस्ट प्रवेश रोखला आहे. दुकानात असलं धोरण कोणी केलेलंच नसतं, म्हणून मालक आणखी गोंधळतो.
- ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असं येतं आणि कोडच्या शेवटी ८००७००३५ दिसतं. पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी आज्ञा) मात्र व्यवस्थित जातं.
- युजरनेम-पासवर्ड मागतो, बरोबर टाकला तरी पुन्हा मागतो.
- सिग्नेचर अवैध असल्याचा एरर येतो. हा बहुतेक जुन्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डेटा साठवायच्या डब्यावर.
- झेरॉक्स मशीनवरून फोल्डरमध्ये स्कॅन जाणं बंद होतं. मशीनवर फक्त ‘कनेक्शन फेल’ एवढंच दिसतं.
- मालकाच्या घरच्या लॅपटॉपवर तोच फोल्डर उघडतो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत माझं काम जिनिंग, डाळ मिल, केळीचे व्यापारी, सराफी पेढ्या आणि छोट्या पतसंस्थांत असतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नेमका त्याच सुमारास आपल्याकडे कापसाचा हंगाम उघडतो. त्यामुळे मशिनी घाईघाईने बदलल्या गेल्या आणि एकच फोन रोज यायला लागला: ‘भाऊ, काल चालू व्हतं, आज उघडस नही.’ हिशोबाचा डेटा एका कॉम्प्युटरवर, बाकीचे तीन-चार त्याच्यावर लटकलेले, मध्ये एक स्विच आणि कोपऱ्यात झेरॉक्स मशीन. आपल्या भागातल्या बहुतेक ऑफिसांची मांडणी हीच, म्हणून बिघाडही सगळीकडे सारखाच.

आधी हे समजून घ्या

यात काही तुटलेलं नसतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्वांना मिळालेल्या २४एच२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगच्या मूळ सेटिंग्ज कडक केल्या. मुख्य बदल तीन आहेत. प्रो आवृत्तीत गेस्ट म्हणून, म्हणजे नाव-पासवर्ड न देता, दुसऱ्या मशीनवर जाणं बंद झालं. एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये हे आधीपासूनच होतं, प्रो मागे राहिलं होतं. दुसरं, प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही जोडण्यांना सायनिंग सक्तीचं झालं. तिसरं, एनटीएलएम-व्ही१ ही पासवर्ड पडताळण्याची फार जुनी पद्धत काढूनच टाकली.

होम आवृत्तीत सायनिंगची सक्ती नाही आणि गेस्टही चालतं. घरच्या लॅपटॉपवर उघडतं आणि ऑफिसात नाही, त्याचं कारण हे. हा फरक दिसला तर अर्धं निदान तिथेच झालं असं समजा.

सायनिंग म्हणजे काय, तेही दोन ओळींत. काटापट्टीवर काटेवाल्याची सही असते, मध्ये कोणी आकडा खोडला तर सही उघडी पाडते. इथे तसंच नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर एक खूण लागते, आणि ती खूण पासवर्डातून निघालेल्या किल्लीने तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून खूणही नाही. एवढं डोक्यात बसलं की पुढचा निम्मा गोंधळ राहत नाही.

यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून पोरं पहिल्याच मिनिटाला सायनिंग बंद, गेस्ट चालू, फायरवॉल बंद, एसएमबी१ (एसएमबी या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची सगळ्यात जुनी आवृत्ती) चालू असा सपाटा लावतात. फोल्डर उघडतो, सगळे खूश. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून पैसे मागणारा व्हायरस ज्या वाटेने ऑफिसांत पसरला ती वाट एसएमबी१ मधल्या दोषाची होती. तो दोष बुजवणारा अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच, आलेला होता. पतसंस्थेत सभासदांची कागदपत्रं शेअर फोल्डरमध्ये असतात आणि त्याच स्विचवर कोणाच्या तरी लॅपटॉपमधून काहीही येऊ शकतं. म्हणून माझं ठाम मत: नव्या विंडोजचं कुलूप काढायचं नाही, समोरच्या जुन्या मशीनला किल्ली द्यायची. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

१. वीज गेली होती का? आयपी बघा

याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि बऱ्याचदा काम इथेच होतं. वीज जाऊन आली की राउटर नव्याने आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता, वाटतो. झेरॉक्स मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये मात्र जुनाच आयपी लिहिलेला असतो. त्याच आठवड्यात विंडोज बदललेलं असलं की सगळा दोष त्याच्या माथी येतो.

फोल्डर नावाने उघडत नसेल तर दोन उलट्या तिरक्या रेषा देऊन आयपीने उघडून बघा. आयपीने उघडला तर सुरक्षेचा काही प्रश्न नाही, नाव सापडत नाही एवढंच. तेव्हा डेटा असलेल्या मशीनला राउटरमधूनच कायमचा आयपी बांधून द्या. नेटवर्कच्या यादीत मशीन ‘दिसत नाही’ म्हणून हैराण होऊ नका. २४एच२ मध्ये नवीन शेअर तयार करताना फायरवॉल १३७ ते १३९ हे जुने नेटबायोसचे पोर्ट उघडत नाही, फोल्डर उघडायला ४४५ हा एकच पुरतो. यादीत दिसणं आणि फोल्डर उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. नेटवर्क पब्लिक आहे की प्रायव्हेट

राउटर बदलला किंवा विंडोज नवीन टाकलं की मशीन त्या नेटवर्कला अनोळखी समजतं आणि पब्लिक ठरवतं. पब्लिकमध्ये फायरवॉल बाहेरून येणारं शेअरिंग अडवतं. डेटा असलेल्या मशीनवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे इथरनेट किंवा वायफाय, आणि प्रायव्हेट निवडा. फायरवॉल बंद करून बघायची गरज नाही. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर त्याचं स्वतःचं फायरवॉल असतं, त्यातही हाच प्रश्न विचारलेला असतो.

३. पासवर्ड खरंच आहे का, आणि तो पिन तर नाही ना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण खरा बिघाड बहुतेक याच जागी असतो.

डेटा असलेल्या मशीनवर कोणत्या खात्याने लॉगिन होतं ते विचारा. ‘पासवर्ड नाहीच, सरळ उघडतं’ असं उत्तर आलं तर कारण सापडलं. रिकाम्या पासवर्डाचं खातं फक्त त्या मशीनसमोर बसून वापरता येतं, नेटवर्कवरून विंडोज ते घेत नाही. आधी हे चालायचं ते गेस्टच्या आधाराने, आणि तो आधार आता गेला.

दुसरं उत्तर असतं, ‘आहे ना, चार आकडी.’ तो पिन. पिन त्या एका मशीनपुरता असतो, शेअर उघडताना त्याचा उपयोग नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर त्या ईमेलचा पासवर्ड, आणि तो बऱ्याचदा मशीन विकणाऱ्या दुकानातल्या मुलालाच माहीत असतो.

म्हणून मी कोणाचंही खासगी खातं वापरत नाही. डेटा असलेल्या मशीनवर शेअरसाठी वेगळं लोकल खातं काढतो, स्कॅनसाठी आणखी एक. प्रो मध्ये कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधून लोकल यूजर्स अँड ग्रुप्स उघडा आणि नवीन युजर करा. तिथे दोन टिकमार्क नीट बघा. ‘पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावा’ ही टिक आपोआप लागलेली असते, ती काढा. ती राहिली तर नेटवर्कवरून लॉगिन होतच नाही, कारण झेरॉक्स मशीन काही पासवर्ड बदलायला बसत नाही. ‘पासवर्ड कधीही संपू नये’ ही टिक लावा. नाही लावली तर विंडोजच्या मूळ नियमाप्रमाणे ४२ दिवसांनी पासवर्ड संपतो. ‘भाऊ, तुम्ही करून गेले, महिना-दीड महिना चाललं आणि परत बंद’ या तक्रारीमागे बहुतेक हीच टिक असते. पासवर्ड लांब ठेवा, कागदावर लिहून मालकाच्या कपाटात ठेवा, मॉनिटरला चिकटवू नका. आणि त्या खात्याला फक्त त्या एका फोल्डरचा अधिकार द्या, ॲडमिनिस्ट्रेटर करू नका.

अधिकार दोन ठिकाणी द्यावे लागतात, शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये. एकीकडे दिला आणि दुसरीकडे राहिला तर फोल्डर उघडतो पण त्यात काही लिहिता येत नाही. हिशोबाचा प्रोग्राम मग डेटा फक्त वाचायला मिळतोय अशी तक्रार करतो.

४. जुने साठवलेले पासवर्ड काढा

बाकीच्या मशिनींवर कंट्रोल पॅनेलमधलं क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये त्या मशीनच्या नावाच्या आणि आयपीच्या सगळ्या जुन्या नोंदी काढा आणि नवीन खातं टाका. युजरनेमच्या आधी डेटा असलेल्या मशीनचं नाव आणि उलटी तिरकी रेषा द्या, नाहीतर विंडोज ते स्वतःच्याच मशीनवर शोधतं. मग एकदा रीस्टार्ट करा. एकाच मशीनकडे एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी विंडोज जाऊ देत नाही, आणि जुनी जोडणी मागे उघडी असेल तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

५. इव्हेंट व्ह्यूअरला विचारा

इथपर्यंत सुटलं नाही तर अंदाज थांबवा. फोल्डर उघडू न शकणाऱ्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीक्लायंट, आणि तिथे सिक्युरिटी. ३१०१७ क्रमांकाची नोंद म्हणजे गेस्ट नाकारला: समोरचं मशीन तुमचं नाव-पासवर्ड न घेता पाहुणा म्हणून आत घेऊ पाहत होतं. अशा वेळी दुरुस्ती समोरच्या मशीनवर करायची असते, आपल्या नाही. खातं काढल्यावरही ३१०१७ येत असेल तर समोरच्या नॅसमध्ये पब्लिक किंवा गेस्ट शेअर चालू राहिलं आहे.

६. नॅस, झेरॉक्स मशीन आणि काट्यावरचा कॉम्प्युटर

नॅसच्या सेटिंगमध्ये गेस्ट बंद करा, युजर तयार करा, एसएमबीची किमान पातळी २ किंवा ३ ठेवा आणि सायनिंगचा पर्याय असेल तर चालू करा. बहुतेक नॅसना सायनिंग येतं, फक्त बंद ठेवलेलं असतं.

झेरॉक्स मशीनचं वेब पान ब्राउझरमध्ये आयपी टाकून उघडा. तिथे स्कॅनच्या जागी वर काढलेलं स्कॅनचं खातं भरा आणि एसएमबीची आवृत्ती बघा. फक्त १ दिसत असेल तर फर्मवेअरचा (मशीनच्या आतल्या प्रोग्रामचा) अपडेट आहे का ते कंपनीच्या माणसाला विचारा. स्वतः करू नका, अपडेट चालू असताना वीज गेली तर मशीनचा बोर्ड जाऊ शकतो. अपडेट नसेल तर स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. एफटीपीचाही पर्याय असतो, पण त्यात पासवर्ड उघडा जातो, म्हणून मला तो आवडत नाही.

वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर हा आपल्या जिनिंगांमधला खास प्रकार. कित्येक ठिकाणी तो अजून एक्सपीवर आहे, ज्याचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला. एक्सपीला फक्त एसएमबी१ येतं, आणि नव्या विंडोजमध्ये ते मुळात टाकलेलंच नसतं. इथे ऑफिसच्या नव्या मशीनवर एसएमबी१ चालू करायचा मोह होतो, पण एका काट्यापायी सगळ्या ऑफिसचं दार उघडं पडतं. काट्याचा इंडिकेटर सिरीयल पोर्टमधून आकडा पाठवतो. यूएसबी-सिरीयल ॲडॅप्टर लावून तो नव्या मशीनलाही घेता येतो, फक्त काट्याचा प्रोग्राम नव्या विंडोजवर चालतो का हे काटेवाल्याकडून आधी विचारून घ्या. तोपर्यंत दिवसाचा डेटा पेन ड्राइव्हने आणा आणि तो आधी स्कॅन करा. काट्यावर विंडोज ७ असेल तर गोष्ट वेगळी. त्याला एसएमबी२ आणि सायनिंग दोन्ही येतं, खातं-पासवर्ड नीट दिला की ते बोलू लागतं. पण त्याचाही आधार जानेवारी २०२० मध्येच संपला आहे, इंटरनेट त्याला देऊ नका.

७. सक्ती सैल करायचीच वेळ आली तर

नॅसला सायनिंग येतच नाही, हंगाम चालू आहे, नवीन घ्यायला महिना लागणार. असं होतं. तेव्हा ज्या एका मशीनला नॅस लागतो त्याच मशीनवर, लोकल ग्रुप पॉलिसीत सिक्युरिटी ऑप्शन्सखाली ‘मायक्रोसॉफ्ट नेटवर्क क्लायंट: डिजिटली साइन कम्युनिकेशन्स, ऑलवेज’ हे डिसेबल करा. गेस्ट चालू करणारी सेटिंग वेगळी आहे, लॅनमन वर्कस्टेशनमध्ये. नुसतं गेस्ट चालू करून भागत नाही, कारण गेस्टला सायनिंग जमतच नाही आणि ते सक्तीचं असेपर्यंत जोडणी तुटते. दोन्ही काढावं लागणं हेच तुम्हाला थांबायला पुरेसं कारण आहे. गेस्टपर्यंत मी जात नाही, नॅसवर खातं काढतो. केलेला बदल तारखेसह लिहून ठेवा आणि परत फिरवायची तारीखही मालकाला सांगा, नाहीतर ते कायमचं तसंच राहतं.

८. क्लोन केलेल्या मशिनी

हा सगळ्यात अवघड प्रकार, आणि आपल्याकडे नेमका जास्त सापडणारा. दुकानदार एका मशीनवर विंडोज, हिशोबाचा प्रोग्राम, प्रिंटर सगळं टाकतो आणि तीच डिस्क कॉपी करून पाच मशिनींत लावतो. विंडोजची आतली ओळख, जिला एसआयडी म्हणतात, पाचही ठिकाणी तीच राहते. वर्षानुवर्षं हे चालून गेलं. २९ ऑगस्ट २०२५ आणि त्यानंतरच्या अपडेटांपासून २४एच२ आणि २५एच२ ही ओळख तपासतात, आणि दोन मशिनींची सारखी निघाली तर एकमेकांना आत घेत नाहीत. लक्षण ठरलेलं: पासवर्ड शंभर टक्के बरोबर, तरी पुन्हा पुन्हा मागतो. सिस्टिम लॉगमध्ये एलएसए सर्व्हरची ६१६७ क्रमांकाची नोंद असते, त्यात मशीनची ओळख अर्धवट जुळत नसल्याचं लिहिलेलं असतं.

खात्री करायला दोन्ही मशिनींवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हू-ॲम-आय’ ही आज्ञा स्लॅश युजर लावून (whoami /user) चालवा. लांबलचक आकडा येतो. शेवटच्या डॅशनंतरचा भाग सोडून उरलेला दोन्हीकडे अगदी सारखा असेल तर मशिनी क्लोन आहेत. अपडेट काढून टाकून काही दिवस चालवता येतं, पण ते पुन्हा येतंच. खरा उपाय म्हणजे मशीन नव्याने उभारणं. कॉपीच करायची असेल तर आधी सिस्प्रेप हे विंडोजचंच साधन चालवून ओळख पुसून मग कॉपी करणं. इंटरनेटवर एसआयडी बदलणारी फुकटची साधनं मिळतात, चालू हिशोबाच्या मशीनवर ती वापरू नका.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

क्लोनची खात्री झाली आणि सिस्प्रेप तुम्ही कधी केलेलं नाही, तर थांबा. डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि जाणकार माणसाला बोलवा.

मशीन चालू होताना निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागत असेल तर लगेच थांबा. २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या मशीनची डिस्क बहुतेकदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. की त्या खात्याच्या संकेतस्थळावर, डिव्हाइसेसमध्ये मिळते. खातं कोणाचं आहे ते आधी शोधा, मशीन विकणाऱ्याला फोन करा. की सापडण्याआधी फॉरमॅट मारू नका आणि बायोसमध्ये टीपीएमला (डिस्कची किल्ली जपणाऱ्या चिपला) हात लावू नका, क्लिअर तर अजिबात नाही. खरं तर ही की मशीन चालू असतानाच छापून ठेवायची, बायोस अपडेट किंवा मदरबोर्ड बदलण्याच्या आधी.

पतसंस्थेचा बँकिंग प्रोग्राम, डोमेन सर्व्हर किंवा शाखांना जोडणारी व्हीपीएन मध्ये असेल तर तिसऱ्या पायरीच्या पुढे एकट्याने जाऊ नका. ज्याने ते उभारलं त्याला सोबत घ्या. तिथली एखादी पॉलिसी बदलली तर ती सगळ्या शाखांना लागते.

शेअरमधल्या फायलींची नावं विचित्र झाली असतील, शेवटी अनोळखी शेपूट लागलं असेल किंवा फोल्डरात पैसे मागणारी चिठ्ठी दिसली असेल, तर हा शेअरिंगचा बिघाड नाही. स्विचच्या सगळ्या वायरी काढा, बॅकअपची डिस्क कुठल्याही मशीनला लावू नका, मशीन फॉरमॅट करू नका. सायबर घटना हाताळणाऱ्या तज्ज्ञाला बोलवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. खात्यातून पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन लावा.